तत्त्वज्ञानाचे अध्ययन : वर्गात, घरात आणि मठात

(मठाच्या वर्धापनोत्सवात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



महाविद्यालयात तत्त्वज्ञान हा विषय घेतलेला मुलगा किंवा मुलगी ज्या घरात असते, त्या घरात दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला प्रश्न बहुधा वडिलांचा असतो : या विषयाचे पुढे होणार काय? दुसरा आजीचा असतो : हे शिकून लेकराचा नित्यनेम तर सुटणार नाही ना? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नोकरीच्या बाजारात शोधावे लागते, आणि तो बाजार दर दहा वर्षांनी आपला भाव बदलीत असतो. त्याची चर्चा मठाच्या सभामंडपात करण्याचे प्रयोजन नाही. दुसरा प्रश्न मात्र येथलाच आहे. ज्या तत्त्वांचे नाव घेऊन मठ उभा आहे, त्याच तत्त्वांची चिकित्सा वर्गात होऊ लागली म्हणजे श्रद्धावान घरातील मुलाचे काय होते? तो घरचा राहतो की नाही?

या प्रश्नाचा विचार करताना सीमाभागातील कोणाच्याही डोळ्यांपुढे प्रथम उभे राहतात ते गुरुदेव रामचंद्र दत्तात्रेय रानडे. त्यांचा जन्म 1886 साली जमखंडीस झाला. 1901 साली, म्हणजे शालेय विद्यार्थी असतानाच, इंचगेरी संप्रदायाचे श्रीभाऊसाहेब महाराज उमदीकर यांचा अनुग्रह त्यांना लाभला. पुढे ते पुण्यास डेक्कन कॉलेजात शिकले आणि 1914 साली तत्त्वज्ञान विषय घेऊन एम. ए. झाले, त्याच वर्षी त्यांच्या सद्गुरूंनी इंचगेरीस देह ठेवला. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, 1926 साली उपनिषदांच्या तत्त्वज्ञानावरील त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ निघाला, आणि 1927 साली पंडित गंगानाथ झा यांच्या निमंत्रणावरून ते अलाहाबाद विद्यापीठात गेले. तेथून ते 1946 साली निवृत्त झाले. या साऱ्या काळात विजापूर जिल्ह्यातील निंबाळ हे लहानसे गाव त्यांच्या साधनेचे स्थान होते. रेल्वेच्या वाटेवरच्या त्या गावी अखेर 6 जून 1957 रोजी त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या चरित्रात चमत्कार शोधणारे पुष्कळ आहेत. येथे एवढीच साधी गोष्ट लक्षात घ्यावयाची की, ग्रीक तत्त्ववेत्ता हेराक्लिटस याच्यावर लिहिणारी लेखणी आणि नाम घेणारी जिव्हा ही एकाच मनुष्याची होती, आणि एकीने दुसरीला कधी दूर लोटले नाही. रानड्यांनी वर्गात नामाचा प्रचार केला नाही आणि आसनावर बसून पाश्चात्त्य पंडितांची मते चघळली नाहीत. दोन्हीकडे ज्याचा त्याचा न्याय त्यांनी दिला. आजीच्या प्रश्नाला हे एक उत्तर होय. परंतु एका थोर पुरुषाचा दाखला देऊन प्रश्न मिटत नाही. रानडे सर्वांना होता येत नाही, हे उत्तर आजीलाही ठाऊक असते. म्हणून वर्गात प्रत्यक्ष काय शिकविले जाते, त्याकडेच वळले पाहिजे.

तर्कशास्त्राच्या वर्गात भारतीय न्यायाचा विषय निघाला की पहिले उदाहरण ठरलेले असते. डोंगरावर धूर दिसतो आहे. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. या अनुमानाचे पाच अवयव विद्यार्थी घोकतो : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. ॲरिस्टॉटलच्या अनुमानात तीनच विधाने असतात, आपल्याकडे पाच का, यावर परीक्षेत प्रश्न येतो आणि बहुतेकांचे लक्ष तेवढ्यावरच थांबते. वस्तुतः पाहण्याजोगा आहे तो तिसरा अवयव. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हे सांगताना नैयायिक उदाहरण देतो ते यज्ञशाळेचे नव्हे, राजवाड्याचे नव्हे. तो म्हणतो, जसे स्वयंपाकघर. शतकानुशतके पंडितांच्या सभांतून ज्या अनुमानावर वाद झडले, त्याचा आधार चुलीपाशी आहे. धूर आणि अग्नी यांचा संबंध ज्याने शोधून काढला त्याला तो सभेत सापडला नाही. चुलीपुढे बसणारीला तो ठाऊकच होता.

याच्या पुढची पायरी तर अधिक मौजेची आहे. धूर असला की अग्नी असतो, हे खरे. मग अग्नी असला की धूर असतो, असे म्हणता येईल काय? अनेकांना हे दोन्ही एकच वाटते. नैयायिक येथे तापवून लाल केलेला लोखंडाचा गोळा पुढे करतो. लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या त्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. म्हणजे अग्नीवरून धुराचे अनुमान खोटे ठरले. मग कधी अग्नीबरोबर धूर असतो आणि कधी नसतो, हे का? त्याचे उत्तर असे की, धुराला अग्नीबरोबर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे ओले इंधन. या लपलेल्या अटीला शास्त्रात उपाधी असे नाव आहे. पावसाळ्यात ओले सरपण चुलीत घालून डोळे चोळणाऱ्या प्रत्येक माउलीला ही उपाधी चांगलीच माहीत होती. तिला फक्त ते नाव माहीत नव्हते.

आता ही उपाधी व्यवहारात आणून पाहावी. ताप आला, अंगारा लावला, ताप उतरला. अंगाऱ्याने ताप उतरला, असे मन लगेच म्हणते. तर्कशास्त्र शिकलेला मुलगा विचारील : ताप तीन दिवसांनी आपोआपच उतरणार होता काय? डॉक्टरांचे औषधही चालू होते काय? अंगारा लावूनही ज्यांचा ताप उतरला नाही त्यांची मोजदाद कोणी ठेवली आहे काय? असे विचारणारा मुलगा नास्तिक झाला, अशी घरात हाकाटी होते. तशी ती होण्याचे काही कारण नाही. ओल्या लाकडाचा शोध घेणारा मनुष्य अग्नी नाकारीत नसतो. ज्या भक्ताची भक्ती अंगाऱ्याच्या गुणावर अवलंबून असेल त्याची ती पहिल्याच असाध्य दुखण्यात मोडते; मुलाच्या प्रश्नाने ती मोडते असे म्हणणे म्हणजे दुखण्याचा दोष वैद्याला देणे होय. आणि हाच मुलगा, अमुक मनुष्य अमुक जातीचा म्हणून खोटे बोलला, असे कोणी म्हटले तरी तीच उपाधी शोधू लागेल. त्या वेळी घरातील किती मंडळींना ते रुचेल, हा प्रश्न निराळा.

शब्दप्रमाणाची गोष्टही अशीच आहे. न्यायसूत्रात आप्ताचा उपदेश हे ज्ञानाचे साधन मानले आहे. आप्त म्हणजे नातलग नव्हे, वडीलधारा नव्हे, पोशाखाने साधू दिसणाराही नव्हे. ज्याने ती वस्तू स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायनाने यावर एक वाक्य टाकले आहे, त्याकडे श्रोत्यांनी अवश्य ध्यान द्यावे. त्याचा भाव असा की, आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते. ज्ञानाच्या व्यवहारात माणसाच्या कुळापेक्षा त्याची जाण आणि त्याची सचोटी पाहावी, हे प्राचीन शास्त्राने इतक्या स्वच्छपणे सांगून ठेवले आहे. आजकाल भ्रमणध्वनीवर घटकेघटकेला जे निरोप येतात, त्यांत संतांच्या नावावर न बोललेली वचने असतात आणि आजारांवर न अजमावलेली औषधे असतात. पाठविणारा भाविक असतो, प्रेमळ असतो. परंतु तो त्या बाबतीत आप्त आहे काय? हा प्रश्न विचारण्याची सवय महाविद्यालयातील तत्त्वज्ञानाच्या तासाने लागली, तर त्या तासाचे शुल्क फिटले म्हणावयास हरकत नाही.

येथे द्विभाषिक सीमाभागातील एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. मराठीत अनुमान म्हणजे तर्क, अंदाज. कन्नडमध्ये हाच शब्द संशय या अर्थाने चालतो. बेळगावच्या वर्गात मास्तरांनी फळ्यावर अनुमान हा शब्द लिहिला की अर्ध्या बाकांना त्यातून ज्ञान दिसते आणि अर्ध्या बाकांना शंका. दोघेही चुकत नाहीत. शंका आल्याखेरीज अनुमानाची गरजच पडत नाही, असे न्यायशास्त्रही सांगते. उपाधी शब्दाचेही तसेच झाले आहे. तर्कशास्त्रातील अट मराठी घरात येऊन संसाराची कटकट झाली. दृष्टांत म्हणजे शास्त्रात उदाहरण, तर भाविकाला तो रात्री स्वप्नात होतो. प्रपंच, विवेक, साक्षी, प्रत्यय, प्रमाण हे शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यात रोज येतात. इतकी तत्त्वज्ञानाची सामग्री ज्या भाषांच्या उंबरठ्याशी पडली आहे, त्या भाषा बोलणारा विद्यार्थी हा विषय परका म्हणून घाबरतो याचे कारण, पिढ्यान्‌पिढ्या तो त्याला इंग्रजीतून व टिपणांतून पाजण्यात आला, हे होय. मराठीत 1974 साली तत्त्वज्ञान महाकोश प्रसिद्ध झाला, देविदास दत्तात्रेय वाडेकरांसारख्यांनी त्यासाठी श्रम केले. तरी अनेक विद्यार्थ्यांना परीक्षेपूर्वीचे मार्गदर्शकच अधिक ठाऊक असते.

1983 साली पुण्यात एक निराळा प्रयोग झाला. प्राध्यापक दयाकृष्ण, मे. पुं. रेगे आदी मंडळींनी परंपरेत शिकलेले नैयायिक पंडित आणि विद्यापीठांतील तत्त्वज्ञानाचे अध्यापक यांना एकत्र बसविले. बर्ट्रांड रसेल याचे विधानविषयक विचार संस्कृतात उतरवून पंडितांपुढे ठेवण्यात आले, आणि पंडितांनी त्यांची आपल्या पद्धतीने चिकित्सा केली. त्या चर्चेचा ग्रंथ 1991 साली ‘संवाद’ या नावाने निघाला. यात कोण जिंकले, हे महत्त्वाचे नाही. शास्त्र जाणणारा आणि महाविद्यालयात शिकविणारा हे एकमेकांस पुरते अनोळखी झाले होते, आणि एका बैठकीत बसताच त्यांना बोलण्याजोगे पुष्कळ सापडले, ही त्यातील ध्यानात ठेवण्याजोगी बाब. मठ आणि महाविद्यालय यांची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

आजीची खरी भीती मात्र अजून शिल्लक आहे. वर्गात चार्वाक शिकवितात, बौद्धांचा अनात्मवाद शिकवितात, पाश्चात्त्यांचे निरीश्वरवादी ग्रंथ शिकवितात. होय, शिकवितात. परंतु विजयनगरच्या काळातील माधवाचार्यांच्या नावावर असलेला ‘सर्वदर्शनसंग्रह’ उघडून पाहावा. वेदान्ती आचार्यांचा तो ग्रंथ, आणि त्याचे पहिले प्रकरण चार्वाकाचे! प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्व बळासह प्रथम मांडावयाचे, याला आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणतात. पूर्वपक्ष दुबळा करून मांडणारा पंडित सभेत हास्यास्पद ठरत असे. जी परंपरा विरोधकाला पहिल्या पानावर बसविते, तिच्या घरातील मुलाने तो विरोधक वर्गात ऐकला तर परंपरेला धक्का बसतो, हे म्हणणे परंपरेवरच अविश्वास दाखविणारे आहे. अर्थात् काही मुलांचा नेम सुटेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो व्यापारात पडलेल्या मुलांचाही सुटतो. भारतीय ज्ञानपरंपरा म्हणून जे विषय 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमांत येत आहेत, त्यांच्या बाबतीत याच्या उलट धोका संभवतो. पूर्वपक्ष गाळून केवळ अभिमानाने ते शिकविले गेले, तर परंपरेचे नाव राहील व तिची रीत जाईल.

आता तत्त्वज्ञानाच्या पंक्तीला बसावे कोणी, हा विषय. यात काहीसे अप्रिय बोलणे भाग आहे.

बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्याला प्रश्नामागून प्रश्न विचारीत जाते. हे कशात ओवले आहे, ते कशात ओवले आहे, असे ती विचारीत जाते, आणि अखेर याज्ञवल्क्य तिला बजावतो की, यापुढे विचारशील तर मस्तक गळून पडेल. गार्गी गप्प बसते. पुष्कळ कीर्तनकार कथा येथेच संपवितात. उपनिषद ती येथे संपवीत नाही. थोड्याच वेळाने त्याच सभेत गार्गी पुन्हा उठते, दोन प्रश्न विचारण्याची अनुज्ञा मागते, आणि तिच्या त्या प्रश्नांतूनच अक्षरब्रह्माचे उपनिषदांतील एक अत्यंत उदात्त विवेचन बाहेर पडते. पहिल्या धमकीनंतर ती घरी गेली असती, तर ते विवेचन झाले नसते. आज मठात येणाऱ्या मुलींपैकी किती जणी दुसऱ्यांदा उठतात, आणि उठल्या तर कोणाच्या कपाळाला आठी पडते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

रानड्यांनी 1933 साली महाराष्ट्रातील संतांच्या अध्यात्मावर जो मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात प्रत्येक संतपरंपरेला त्यांनी एकेक नाव दिले. ज्ञानेश्वरांकडे बुद्धिप्रधान अध्यात्म, एकनाथांकडे समन्वयाचे, रामदासांकडे कर्तृत्वाचे; आणि नामदेव व त्यांच्या समकालीनांना त्यांनी नाव दिले लोकशाही अध्यात्माचे. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, चोखामेळा, जनाबाई. विद्यापीठातील तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने या मंडळींची वचने भावगीते म्हणून बाजूला न ठेवता, अनुभवाचा पुरावा म्हणून तपासावयास घेतली. मातीचा व मोटेच्या पाण्याचा स्पर्श ज्यांच्या शब्दांना आहे, त्यांना प्लेटोच्या शेजारी बसविण्याचा हा निर्णय त्या काळात सामान्य नव्हता. कन्नड श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. बाराव्या शतकातील कल्याणात नावाडी अंबिगर चौडय्या आणि धोबी मडिवाळ माचय्या यांनी बसवण्णांच्या भोवती बसून हेच केले होते. त्यांच्या नावातच त्यांचा व्यवसाय आहे, आणि त्यांच्या वचनांत तर त्या व्यवसायाचेच दृष्टांत आहेत.

तथापि चोखोबांचे शब्द ग्रंथात आले तरी चोखोबांचे लोक पंढरपुरात पायरीबाहेरच होते. अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्याने 1916 साली स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिरात पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक तरुण अध्ययनासाठी गेला होता. पुढे 1924 साली तो तेथल्याच शाळेत शिक्षक झाला. मुले त्याला साने गुरुजी म्हणू लागली. तत्त्वज्ञान मंदिर सोडून शाळेत गेला, याला काहींनी अभ्यासातून माघार म्हटले तरी ती माघार नव्हती. याच गुरुजींनी 1 मे 1947 पासून विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले. ते बसले कोठे? तनपुरे महाराजांच्या मठात. ज्या नगरीत अनेक दारे त्या उपोषणाला बंद झाली होती, तेथे एका मठाने आपले दार उघडले. 10 मे रोजी उपोषण सुटले, आणि मंदिरप्रवेशाचा मार्ग मोकळा झाला. अद्वैत हा शब्द उच्चारणे सोपे आहे. त्या शब्दासाठी आपल्या ओवरीत जागा देणे कठीण, आणि ते एका मठाने केले. ही गोष्ट मठाच्या भक्तांनी विसरू नये म्हणून येथे सविस्तर सांगितली.

उपनिषदांनी श्रवण, मनन व निदिध्यासन असा क्रम सांगितला आहे. महाविद्यालयात मननाची सोय बरी असते. श्रवण घाईचे असते. आणि निदिध्यासनाचा तास वेळापत्रकात नसतोच. मठात श्रवण उदंड आहे, नेमाची शिस्तही आहे, परंतु मननाच्या वेळी बहुधा घंटा वाजते व प्रसाद सुरू होतो. तत्त्वज्ञान शिकणारी मुले दोन्ही ठिकाणी जाणारी आहेत. त्यांच्याकडून एक काम करून घेता येईल. समर्थांचा दासबोध म्हणजे वीस दशक व दोनशे समास, आणि त्याची बैठकच गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तराची. आठवड्यातून एका संध्याकाळी भजनानंतर एक समास वाचावा आणि त्यावर प्रथम बोलण्याचा मान महाविद्यालयातील विद्यार्थ्यास द्यावा. त्याने समासातील मताविरुद्ध जो काही पूर्वपक्ष सुचेल तो पुरत्या बळाने मांडावा. त्यावर वडीलधाऱ्यांनी रागावू नये एवढाच नियम. पूर्वपक्ष कन्नडमध्ये आला तर उत्तर मराठीत द्यावे, किंवा उलट. दृष्टांत मात्र शक्यतो सभेतील बायामाणसांकडून, सुतारलोहारांकडून मागवावेत. ओल्या सरपणाएवढा चांगला दृष्टांत पुस्तकात सहसा मिळत नाही.

निंबाळात रानड्यांची बैठक साधारण अशीच चाले. पदे म्हटली जात, मग त्यांच्या अर्थाचा विचार होई, आणि बसणाऱ्यांत प्राध्यापकही असत व शेतकरीही. पदे तीनही भाषांची असत. कन्नड संतांविषयीचे त्यांचे विवेचन त्यांच्या पश्चात 1960 साली ग्रंथरूपाने बाहेर आले, हिंदी संतांविषयीचे त्यापूर्वी 1954 साली आलेले होते. पुढे बेळगावातही त्यांच्या प्रेरणेने तौलनिक तत्त्वज्ञान व धर्म यांच्या अभ्यासाचे मंदिर उभे राहिले. येथील विद्यार्थ्यांना तेथे जाऊन बसता येण्याजोगे आहे. सभेचा पहिला समास कोणता घ्यावा, हे मुलांनाच ठरवू द्यावे. ती बहुधा असा समास निवडतील की ज्यावर त्यांचे भांडण आहे.